एकही ‘ले’ नसलेली फ्लॉपी

पासवर्ड ही मोठ्यानं सांगायची गोष्ट असते, असा आमच्या क्लासमध्ये सगळ्यांचा समज होता. वर्ध्यात एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर हा क्लास होता. आधी टायपिंगचा, मग कॉम्प्युटरचा. पाटी तीच, फक्त एक शब्द खोडून दुसरा लिहिलेला. मी तिथं शिकवायची. नव्वदीची शेवटची वर्षं होती आणि ईमेलचं खातं उघडणं म्हणजे पोरांना बारसं केल्यासारखं वाटायचं. एखादा म्हणायचा, “मॅडम, माहा पासवर्ड तुमच्यापाशी राहू द्या, मी भुलून जाईन.” त्यावर शेजारचा त्याला धीर द्यायचा, “काऊन टेन्शन घेतं? मले पाठ आहे तुहा.”

हे मी हसत हसत बाबांना सांगितलं तर ते अजिबात हसले नाहीत. बाबांची सगळी नोकरी पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत गेली होती. तिथं आत काय आहे, किती आहे, कुठं जातं, हे घरी बोलायचं नसतं. बाबा ते इतके मनापासून पाळत की डब्यातली भाजी कशी झाली होती हेसुद्धा त्यांच्याकडून नीट कळत नसे. अधूनमधून त्यांना दूरच्या डेपोत पाठवायचे. कुठं चाललात असं आईनं विचारायचं नाही आणि त्यांनी सांगायचं नाही, हे आमच्या घरात पाण्याच्या वेळेइतकं ठरलेलं होतं. “ताला असते तं काही कारनानं असते,” हे त्यांचं आवडतं वाक्य.

आणि माझी खोड नेमकी उलटी. झाकण दिसलं की उघडायचं. लहानपणी मी रेडिओ उघडला होता, मग शिलाई मशीन, मग एकदा विजेचं मीटर, ज्याबद्दल मार खाल्ला. एखादी गोष्ट कशी चालते हे मला कळू नये म्हणून कुणीतरी मुद्दाम बंद करून ठेवली आहे, ही कल्पनाच मला सहन होत नाही. तळपायाची आग मस्तकात जाते. अजूनही जाते.

तर एका बाजूला हे असे बाबा आणि दुसऱ्या बाजूला ही अशी मी. मधे आईची फ्लॉपी.

आई गाणी करायची. लग्नातली, हळदीची, नवरी वाटे लावायची म्हणजे पाठवणीची. पुलगावपासून देवळीपर्यंत कुणाकडं मांडव पडला की बायका तिला बोलवायच्या आणि ती त्या घरापुरती नवी दोन-चार गाणी करूनच जायची. मांडवात आत बायका गात आणि पुरुष बाहेर खुर्च्यांवर पानतंबाखू करत. त्यामुळे बाबांनी आईचं गाणं असं धड कधी ऐकलंच नव्हतं. मी ऐकलेली काही होती, तीही तुटक. शेवटी शेवटी आईच्या मनात आलं की याचं छोटं पुस्तक करावं आणि वाटे लागणाऱ्या पोरीच्या ओटीत एकेक घालावं. चौथी शिकलेली बाई, पण अक्षर मोत्यासारखं. तिनं कागद लिहून काढले आणि मी तिला माझ्या ओळखीच्या एका डीटीपीवाल्याकडं घेऊन गेले.

त्यानं सगळं टाइप केलं, फ्लॉपीत घालून आईच्या हातात दिलं आणि म्हणाला, “काकू, प्रूफ सवडीनं काढू.” सवड आलीच नाही. आई त्याच पावसाळ्यात आजारी पडली आणि दिवाळीच्या आधी गेली. त्यानंतरचं वर्ष मला नीट आठवत नाही. मी शिकवायची, घरी यायची, काहीही उघडून बघायची इच्छा होत नसे.

काही वर्षांनी बाबा निवृत्त होऊन माझ्याकडं, वर्ध्याला लागूनच असलेल्या बोरगाव मेघेला, राहायला आले तेव्हा त्यांच्या सामानात एका रुमालात बांधलेली ती फ्लॉपी होती. बाबांनी ती माझ्यासमोर ठेवली. “उघडून दे,” ते म्हणाले. “जन्मभर तिनं काय गायलं, मले काई मालूम नाई. निदान वाचू तं दे.”

एवढंच त्यांना हवं होतं. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम.

मी फ्लॉपी क्लासमधल्या मशीनमध्ये घातली. फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टिंबं असलेली अक्षरं, चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं. मराठी नावाला नाही. त्या काळी असंच असायचं. मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं, त्याच कंपनीची अक्षरांची गुपित मांडणी. मशीनच्या पोटात ‘क’ हा ‘क’ नसायचाच. तिथं भलतंच चिन्ह असायचं आणि कंपनीचा फॉन्ट त्याला ‘क’चा मुखवटा घालून पडद्यावर आणायचा. फॉन्ट काढला की मुखवटा गेला. त्यात हे सॉफ्टवेअर चालायला मशीनच्या मागं, प्रिंटरच्या खोबणीत, आगपेटीएवढा एक ठोकळा लावावा लागे. त्याला सगळे ‘लॉक’ म्हणत. लॉक नाही तर मराठी नाही.

डीटीपीवाल्याकडं गेले तर त्याचं दुकान बंद. खाली चौकशी केली तेव्हा कळलं, तो देवळीला गेला, मोबाइलचं रिचार्ज विकतो. दुकान रिकामं करताना जुने कागद रद्दीत गेले. म्हणजे आईचं मोत्यासारखं अक्षरही गेलं. मी त्याला फोन लावला. लॉक एक दिवस गरम होऊन जळलं म्हणाला, मशीनही विकलं. कंपनीला फोन केला तर तिकडच्या माणसानं फार गोड आवाजात सांगितलं की ती आवृत्ती आता बंद आहे, नवीन घ्या, मात्र जुन्या फाइली नव्यात उघडतील याची खात्री देता येणार नाही.

मी फोन ठेवला आणि बराच वेळ नुसती धुमसत बसले. गाणी माझ्या आईची. शब्द वऱ्हाडी, ते तर कुणाच्याच बापाचे नाहीत, सगळ्यांचे आहेत. लिपी हजार-पाचशे वर्षांची. आणि यांनी मधे आगपेटीएवढा ठोकळा ठेवला आणि सगळ्यांचे मालक झाले. बाबांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, “त्याहीचा माल आहे, त्याहीनं ताला लावला.” मी म्हटलं, “ताला त्यांच्या पेटीला लावावा ना बाबा, आपल्या दाण्याला काऊन?” बाबांना ते पटलं नव्हतं, पण फ्लॉपीकडं बघत राहिले.

इथं हेही सांगितलं पाहिजे की आमच्या क्लासमधलं झाडून सगळं सॉफ्टवेअर चोरीचं होतं. कुणीतरी नागपूरहून सीडी आणायचं, आम्ही सगळ्या मशीनवर चढवायचो. आमचा जिल्हा दारूबंदीचा. बंदी असणं आणि मिळणं या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, हे इथं शाळेत न जाताही कळतं. त्यामुळे ‘फ्री’ म्हटलं की आमच्या डोक्यात एकच अर्थ यायचा, फुकट. एका मासिकासोबत लिनक्सची सीडी आली, तिच्या माहितीपत्रकात हे सॉफ्टवेअर फ्री आहे असं लिहिलेलं, तर पोरं म्हणाली, “मॅडम, आपलं बी तं फ्रीच आहे.”

मीच ती सीडी घरी घेऊन आले आणि घरच्या जुन्या मशीनवर चढवली. आणि मग कळलं की हे फ्री म्हणजे फुकट नव्हे, हे मोकळं. आमच्याकडं मोकळं म्हणजे दावं सोडलेलं जनावर, न बांधलेले केस, कुणाचंही सामान नसलेली खोली, आणि मन हलकं केलेला माणूस. फुकट मिळालेली वस्तू बंदच असू शकते. मोकळी वस्तू उघडून बघता येते, बिघडवता येते, दुरुस्त करता येते, शेजारणीला देता येते. आतलं सगळं लिहिलेलं वाचता येत होतं. मला पहिल्यांदा वाटलं की ही रेडिओ उघडणाऱ्यांनी रेडिओ उघडणाऱ्यांसाठी केलेली गोष्ट आहे. मी इतकी खूश झाले की दोन दिवस धड स्वयंपाक केला नाही. बाबांनी तक्रार न करता पोहे खाल्ले.

त्या मोकळ्या मशीनवर मराठीची नवी मांडणी होती. तिच्यात ‘क’ हा जगभर ‘क’च, कुणाच्या मुखवट्याची गरज नाही. प्रश्न एवढाच होता की आईच्या फाइलीतल्या कुठल्या चिन्हाचा ‘क’ करायचा आणि कुठल्याचा ‘ख’. मग मी तेच करायला बसले. हिवाळ्यातल्या सुट्टीच्या दुपारी, अंगणात वायर ओढून, बाबा शेजारी बाजेवर.

आधी नुसतं मोजलं, कुठलं चिन्ह जास्त येतं ते. एक चिन्ह इतक्यांदा आलं होतं की मला कळेना, मराठीत असं कुठलं अक्षर आहे. मग उजेड पडला: तो काना होता. कंपनीनं ‘ग’, ‘म’, ‘स’ ही अक्षरं अख्खी ठेवलीच नव्हती. अर्धं अक्षर आणि त्याच्यापुढं काना, असे तुकडे जोडले होते. ऱ्हस्व वेलांटी तर अक्षराच्या आधीच येऊन बसायची, कारण कागदावर ती आधी दिसते. कानामात्रा म्हणत म्हणत शिकलेली आपली लिपी कुणीतरी अशी सुटी करून डब्यात भरली होती आणि मी एकेक तुकडा उचलून बघत होते. खरं सांगते, राग होताच, पण मजाही तेवढीच येत होती.

किल्ली हवी होती ती मला पाठ असलेल्या एका गाण्यानं दिली. माझ्या मावसबहिणीच्या हळदीचं गाणं होतं ते:

हळद लागली पोरीले, पिवळं झालं अंगन
माय म्हने लेकीले, जपून घाल कंगन

शब्दांच्या लांबीवरून ते फाइलीत कुठं असेल ते शोधलं, चिन्हाखाली अक्षर मांडलं, दोन-तीन ठिकाणी मेळ बसेना ते पुढं बघू म्हणून सोडलं, आणि तिथून एकातून एक उलगडत गेलं. आठवडाभरात माझा छोटा प्रोग्राम तयार झाला. मी तो चालवला आणि पडद्यावर मराठी आली. बाबा बाजेवरून उठून चष्मा शोधायला लागले.

पण वाचायला घेतलं तर पहिलंच गाणं असं:

हळद लागली पोरीला, पिवळं झालं अंगन
माय म्हने लाकीला, जपून घाल कंगन

“हे लाकी कोन?” बाबांनी विचारलं.

माझं काहीतरी चुकलं होतं. मात्रा ओळखण्यात गफलत झाली असं समजून मी मात्रा तपासली, तर ‘म्हने’ बरोबर, ‘मेथी’ बरोबर, ‘देर’ म्हणजे दीर, तोही बरोबर. फक्त ‘ल’वर आली की मात्रेचा काना होत होता. ‘लेकरू’चं झालेलं ‘लाकरू’, ‘लेनं’चं ‘लानं’, आणि एका गाण्यात लग्नाला आलेले वऱ्हाडी ‘जेवून गेला’ होते. मी सगळी फ्लॉपी चाळली. पन्नासेक गाणी, आणि त्यांत एकही ‘ले’ नाही. आमच्या बोलीत ‘ले’शिवाय माणूस पाणीसुद्धा मागू शकत नाही. मग ‘ले’ गेले कुठं, याचा मला ध्यास लागला. शेवटी मी बसनं देवळीला गेले.

डीटीपीवाला रिचार्जच्या टपरीत बसला होता. मला बघून त्याला आनंद झाला, चहा मागवला, आईबद्दल वाईट वाटलं म्हणाला, आणि ते खरंच वाटलं होतं. मी ‘ले’बद्दल विचारलं तर त्याचा चेहरा खुलला.

“ते म्या केलं ना मॅडम. काकूनं सगळीकडं मले, तुले, पोरीले लिहेल होतं. मले वाटलं, पुस्तकात मले कसं चालंन? पुस्तकात मला पाह्यजे. म्हून म्या फाइंड-रिप्लेस मारलं. एका झटक्यात सगळ्या ‘ले’चं ‘ला’. फुकटात करून देल्लं, काकूले सांगतलं बी नाई.”

‘मले वाटलं पुस्तकात मले चालत नाई’ असं म्हणणाऱ्या माणसावर रागवायचं तरी कसं? शाळेत आम्हा सगळ्यांच्याच हातावर त्या ‘मले’साठी छड्या बसल्या होत्या. त्याला वाटलं, आपण एका चौथी शिकलेल्या बाईची लाज राखली. मी चहा संपवला आणि परतीच्या बसमध्ये बसले.

घरी येऊन मी उलटं फाइंड-रिप्लेस करून बघितलं, सगळ्या ‘ला’चं ‘ले’. झालं, हळद ‘लेगली’, लाडवाचा ‘लेडू’, लाल चोळीची ‘लेल’ चोळी. बाबा हसता हसता खोकायला लागले. आईनंतर त्यांना इतकं हसताना मी बघितलं नव्हतं. पण त्यातून मला जे कळलं ते साधं होतं. कुलूप उघडता येतं, त्याला वेळ लागतो एवढंच. पण दोन वेगळ्या गोष्टी एकसारख्या करून टाकल्या की कुठली कुठली होती हे कुठल्याच मशीनला परत सांगता येत नाही. ते ज्याला ती बोली येते त्यालाच ऐकून ठरवावं लागतं.

म्हणून आम्ही दोघं बसलो. मी ओळ वाचायची, ‘ला’ आला की थांबायचं, बाबांनी ठरवायचं. “पोरीला?” “पोरीले.” “लाल?” “लालच राहू दे.” बाबांना त्यात भलतीच गोडी लागली. सकाळी दात घासता घासता विचारायचे, “आज किती गाने घेतं?” जिथं अडलं तिथं ते यमक धरायचे. म्हणायचे, “खालच्या ओळीत आपन ‘वाजले’ केलं ना, मंग वरतं बी ‘साजले’च असंन. तिचं यमक चुकत नाई.” तिला जन्मात कधी न ऐकलेला माणूस आता तिच्या वतीनं ठामपणे सांगत होता. आई हयात असताना हे व्हायला हवं होतं, असं मला फार वाटायचं.

शेवटच्या पानावर दोनच ओळी होत्या. हे गाणं मी कुठल्याच मांडवात ऐकलेलं नव्हतं. मी वाचलं:

तांब्या भरून ठेवला, न पेताच गेला
डोळे माहे फाटकाशी उभेच राह्यला

“हे तुह्या मामाचं व्हय,” बाबा लगेच म्हणाले. आईचा धाकटा भाऊ भांडून भिलाईला निघून गेला होता, पुन्हा आला नाही. आई त्याच्यासाठी झुरायची हे सगळ्यांना माहीत होतं. “राहू दे ‘गेला’. समोरचं वाच.”

मी दुसरी ओळ पुन्हा वाचली. “उभेच राह्यला?”

“डोये राह्यला कसं होईन? डोये राह्यले.” असं म्हणता म्हणता त्यांची नजर वरच्या ओळीच्या यमकावर गेली.

मी ‘राह्यले’ टाइप केलं. वरच्या ओळीला हात लावला नाही. बाबा ओठांतल्या ओठांत दोन्ही ओळी म्हणून बघत होते. एकदा ‘गेला’ धरून, एकदा ‘गेले’ धरून. धाकट्या भावाला आई ‘गेले’ म्हणणार नाही. ‘ते आले’, ‘ते गेले’ असं ती आयुष्यभर एकाच माणसाबद्दल बोलली. आणि फाटक म्हणजे पुलगावचं रेल्वेचं फाटक, आमच्या घरापासून दिसणारं, जे ओलांडून बाबा दूरच्या डेपोला जायची गाडी धरत.

मग ते म्हणाले, “वरतं बी ‘ले’ कर.”

मी केलं. मग विचारलं, “बाबा, हे पान छापायचं, का राहू द्यायचं? आपल्या घरातलं आहे.” कुठं जातो हे बायकोलाही न सांगणारा माणूस हे चारचौघांत जाऊ देईल असं मला वाटत नव्हतं.

“तिनंच तं छापाले देल्लं होतं,” ते म्हणाले. “मले सांगतलं नाई, पन छापाले देल्लं. छाप.”

ते उठले, चप्पल घातली, आमच्या घराच्या फाटकापर्यंत न जाता अंगणातच उभे राहिले. माझ्याकडं पाठ होती.

“पोरी,” त्यांनी विचारलं, “तांब्या कुठं ठेवत होती ती? मले तं कदी दिसलाच नाई.”